नोटीस बावीस लाखांची, भरायचे होते पावणेदोन लाख

आमच्या शाळेतल्या सेविका मावशींनी मागच्या आठवड्यात पर्समधून एक कागद काढला आणि म्हणाल्या, "ताई, हे जरा वाचून सांगता का?" बँकेची नोटीस होती, सरफेसी कायद्याखालची, म्हणजे कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण घराचा ताबा बँकेला ज्याने घेता येतो त्या कायद्याखालची. घड्यांवर कागद मऊ पडला होता, बरेच दिवस तो पर्समध्ये फिरत असणार. त्यांच्याशी तासभर बोलले तेव्हा लक्षात आलं, की 2024 मध्ये आम्हाला अशीच नोटीस आली तेव्हा मला हे सांगणारं कुणीच नव्हतं. म्हणून सगळं तारखांसकट लिहून काढतेय.

आम्ही पुण्याजवळ मोशीला राहतो. 2017 मध्ये वन बीएचके घेतला. चोवीस लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, हप्ता एकवीस हजार. मिस्टर चाकणला एका व्हेंडरकडे सीएनसी ऑपरेटर होते आणि मी एका शाळेच्या ऑफिसात आहे, पगार साडेसोळा हजार. कर्जात सहअर्जदार म्हणून माझंही नाव आहे. जून 2023 मध्ये मिस्टरांच्या कंपनीची मोठी ऑर्डर गेली आणि पंधरा दिवसांत शेडला कुलूप लागलं. सप्टेंबरपर्यंतचे हप्ते साठवलेल्या पैशातून गेले. 5 ऑक्टोबरचा हप्ता बाऊन्स झाला. नोव्हेंबरमध्ये कसेबसे आठ हजार भरले. पुढे काहीच जमलं नाही. मिस्टर दुसऱ्याचा टेम्पो चालवत होते, त्यात घर आणि मुलाची फी एवढंच भागायचं.

बँकेचे फोन ऑक्टोबरपासूनच येत होते. आम्ही उचलायचो नाही. उचलून सांगणार काय, असं वाटायचं. आज मागे वळून बघताना सगळ्यात जास्त वाईट त्या तीन महिन्यांचं वाटतं. हप्ता थकून नव्वद दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं. आमचं 3 जानेवारी 2024 ला झालं. तोपर्यंत सगळं शाखेच्या हातात असतं आणि समोर ओळखीचा माणूस असतो. एनपीए झालं की फाइल वसुली विभागाकडे जाते आणि तिथे आपण फक्त एक नंबर असतो. ज्यांचा एक-दोन हप्ताच चुकलाय त्यांनी उद्या सकाळी शाखेत जा, पैसे नसले तरी जा आणि लेखी अर्ज देऊन या.

16 फेब्रुवारीला, शुक्रवारी, रजिस्टर्ड पोस्टाने जाड पाकीट आलं. मी सही करून घेतलं आणि देवघराच्या खालच्या खणात ठेवून दिलं. शनिवार-रविवार त्या खणाकडे बघायची हिंमत झाली नाही. सोमवारी शिवजयंतीची सुट्टी होती. बिल्डिंगखाली मुलं ढोल वाजवत होती, मुलगाही तिकडेच होता. तेव्हा आम्ही दोघांनी ते फोडलं. सरफेसी कायदा 2002, कलम 13(2). साठ दिवसांत 21 लाख 84 हजार आणि पुढचं व्याज भरा, नाहीतर तारण मालमत्तेचा ताबा घेऊ. मिस्टर काहीच बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ रेलिंग धरून उभे राहिले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. साठ दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून धरतात. आमच्या नोटिशीवर 12 फेब्रुवारी होती, म्हणजे मुदत 12 एप्रिलला संपणार होती. पाकीट खणात पडून होतं तेही दिवस त्यातच गेले.

पुढच्या आठवड्यात आमची फसगत झाली. ओळखीतून एक जण भेटले. "बँकेत माझी सेटिंग आहे, पंचवीस हजारात प्रकरण थांबवतो" म्हणाले. अकरा हजार आगाऊ घेतले आणि त्यानंतर फोन बंद. ते अकरा हजार माझ्या भावाकडून उसने आणलेले होते. घर जाणार या भीतीत माणूस कुणाचंही ऐकतो, हे अशा लोकांना पक्कं ठाऊक असतं. पावती न देता जो पैसे मागेल त्याला घराचा उंबरा ओलांडू देऊ नका.

खरी मदत मिळाली ती फुकट मिळाली. शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि बाईला तर उत्पन्नाची अटच नाही. मला हे अजिबात माहीत नव्हतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. पुरुषांनी अर्ज केला तर उत्पन्नाची मर्यादा बघतात, पण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना ती लागत नाही. कर्जात बायकोचं नाव असेल तर अर्ज बायकोनेच करावा. फोनवर विचारायचं असेल तर 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे.

27 फेब्रुवारीला अर्धी रजा टाकून पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट स्टेशनला उतरले आणि शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या आवारात पाऊल टाकलं. काळे कोट बघूनच पोटात गोळा आला. विधी सेवेच्या ऑफिसात एक छापील अर्ज भरायचा, सोबत आधार कार्ड, नोटिशीची झेरॉक्स आणि चार ओळींत आपलं म्हणणं. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा, घाबरू नका, घराच्या अशा केसेस येतात आमच्याकडे." त्या वाक्याने मला रडू फुटलं. 1 मार्चला फोन आला, पॅनेलवरच्या एक वकीलताई मिळाल्या.

वकीलताईंनी नोटीस वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "थकलेले हप्ते किती?" मी म्हटलं, "बावीस लाख मागतायत." त्या म्हणाल्या, "ते नाही विचारलं. हप्ते किती थकलेत?" तेव्हा पाच थकले होते, नोव्हेंबरचे आठ हजार वजा जाता 97 हजार. मग त्यांनी जे समजावलं ते ऐकून दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. नोटिशीत बँक अख्खं कर्ज मागते, कारण कायद्याने तिला तसं मागता येतं. पण एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करायला थकलेले सगळे हप्ते, व्याज आणि खर्च भरावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, की थकबाकी पूर्ण भरली तरच खातं परत 'स्टँडर्ड' करता येतं, अर्धवट भरून चालत नाही. नोटीस निघाल्यावर थकबाकी घेऊन कारवाई थांबवायची सक्ती बँकेवर नाही. पण राहतं घर, नियमित भरणारं जुनं खातं आणि लेखी प्रस्ताव असेल तर बँका बहुतेक वेळा ऐकतात, असा त्यांचा अनुभव होता. बावीस लाख आम्हाला जन्मात उभे करता आले नसते. लाख-दीड लाखासाठी निदान धडपड तरी करता येणार होती.

4 मार्चला आम्ही बँकेला कलम 13(3-अ) खाली लेखी म्हणणं दिलं. दीड पानाचं पत्र होतं. त्यात नोकरी कधी आणि का गेली, आजपर्यंत किती हप्ते वेळेवर भरले, कोविडच्या मोरॅटोरियमनंतरही (हप्ते पुढे ढकलायच्या सवलतीनंतरही) कसे सुरू ठेवले, थकबाकी भरायला किती वेळ हवा हे सगळं लिहिलं. खात्याचा पूर्ण उतारा आणि लावलेल्या प्रत्येक चार्जचा हिशेब मागितला. अशा पत्राला बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. वकीलताईंनी बजावलं होतं, "दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय हलू नका." शाखेत आधी म्हणाले, "मॅडम, मेल करा ना." मी म्हटलं, "मेल केलाय साहेब, पण पोच हवी." चाळीस मिनिटं बसले. शिक्का मिळाला. त्या दिवसापासून मुलाची जुनी प्लास्टिकची फाइल मी त्यासाठी काढली आणि प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावत गेले. पुढे प्रत्येक टेबलावर ती फाइल माझ्या वतीने बोलली.

18 मार्चला उत्तर आलं. म्हणणं अमान्य. पण सोबत उतारा होता, आणि त्यात 'भेट शुल्क' म्हणून जीएसटीसह 3,540 रुपये लावलेले दिसले. मंजुरी पत्रात त्याचा कुठेही उल्लेख नव्हता. आम्ही हरकत घेतली आणि पुढे ते परत वळते झाले. दंडाबाबतही बघून घ्या. रिझर्व्ह बँकेने नियम बदललेत. चुकलेल्या हप्त्याचा दंड आता व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर व्याजही लावता येत नाही. 1 एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांना आणि त्याच वर्षीच्या 30 जूनपर्यंत जुन्या कर्जांनाही तो लागू झाला.

वकीलताईंच्या सांगण्यावरून मार्चपासून दर महिन्याला दहा हजार कर्ज खात्यात भरायला लागलो. हप्ता पूर्ण होत नव्हता, पण हेतू दिसावा म्हणून. घरात दूध अर्धा लिटरवर आलं, माझा रिक्षाखर्च बंद झाला.

याच काळात वसुली एजंटचे फोन रात्री साडेनऊला यायचे. एकदा मुलाने उचलला. त्याला विचारलं गेलं, "बाबा कुठे लपलेत?" त्या रात्री तो जेवला नाही. नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडून बँकेच्या तक्रार विभागाला मेल केला. बँकेने तीस दिवसांत दखल घेतली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते, माहितीसाठी 14448 नंबर आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, आठवड्यात रात्रीचे फोन थांबले.

आता पैसे कुठून आणायचे? सोन्याकडे बघायच्या आधी मिस्टरांचा पीएफ होता. 2017 मध्ये डाऊन पेमेंटसाठी बराच काढला होता, उरलेला 1 लाख 84 हजार. नोकरी सुटून महिना झाला की त्यातले 75 टक्के काढता येत होते, म्हणजे 1 लाख 38 हजार. पण कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती. ती पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर आपली आपल्याला यूएएन पोर्टलवर, म्हणजे पीएफच्या वेबसाइटवर, टाकता येते, ते घरी बसूनच झालं. नंतर कळलं, की आधारवर नाव एक आणि पीएफमध्ये आडनावात एक अक्षर वेगळं. त्यासाठी तेव्हा जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालक दोघांचा दुरुस्तीचा अर्ज, करावं लागायचं आणि त्यावर मालकाची मंजुरी लागायची. बंद कंपनीचा मालक शोधायला मिस्टरांनी भोसरीला पाच खेटे घातले. मालक भले माणूस, त्यांनी मंजुरी दिली, पण यात 22 एप्रिल उजाडला. 24 एप्रिलला क्लेम टाकला. 8 मे रोजी परत आला, कारण चेकचा फोटो अस्पष्ट, त्यावर छापलेलं नाव वाचता येत नव्हतं. 10 मे रोजी पुन्हा टाकला. तुमची नोकरी आज शाबूत असली तरी आधार, पॅन आणि पीएफवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते याच आठवड्यात बघून घ्या.

तेवढ्यात 3 मे आला. दुपारी मी शाळेत असताना सोसायटीच्या वॉचमन काकांचा फोन आला, "वहिनी, बँकेची माणसं आलीत, दाराला कागद लावतायत." मी पोचले तेव्हा ते निघून गेले होते. दारावर, 'शुभ लाभ'च्या स्टिकरच्या बरोबर खाली, ताबा नोटीस चिकटवलेली होती. खळ अजून ओली होती. समोरच्या काकूंनी दार लोटून घेतलं. मला वाटलं आता सामान बाहेर काढतील.

वकीलताईंनी फोनवर धीर दिला. हा सांकेतिक ताबा. कागदोपत्री ताबा बँकेचा, पण राहायचं आपणच. प्रत्यक्ष बाहेर काढायचं असेल तर बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आणावा लागतो, त्याला वेळ लागतो. कारवाई चुकीची वाटत असेल तर सांकेतिक ताब्यापासून पंचेचाळीस दिवसांत पुण्यातल्या ऋण वसुली न्यायाधिकरणात, डीआरटीत, अर्ज करता येतो. आमच्यासाठी ती तारीख होती 17 जून. आमच्या रकमेवर शुल्क आठ हजार होतं. अर्ज त्यांनी तयार करून ठेवला, पैसे आले नाहीत तर दाखल करायचा म्हणून. मी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवली होती.

त्याच आठवड्यात नोटीस एका इंग्रजी आणि एका मराठी पेपरात छापून आली, नाव-पत्त्यासह. कायद्याने ती सात दिवसांत दोन पेपरांत द्यावीच लागते. शाळेच्या स्टाफरूममध्ये तो पेपर आला होता. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं. घरी मात्र एस्टेट एजंट येऊ लागले, "विकून टाका, मी गिऱ्हाईक देतो." कुणाला शब्द देऊ नका. 13(2) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

मे महिना जीव टांगणीला लावून गेला. 13 तारखेला मतदान होतं, वसुली विभागातले साहेब इलेक्शन ड्युटीवर, मग त्यांची रजा. मी तीन वेळा जाऊन आले. शेवटी 22 मे रोजी भेटले. फाइल चाळली, मार्च-एप्रिल-मेच्या दहा-दहा हजारांच्या पावत्या बघितल्या आणि म्हणाले, "मॅडम, एकरकमी थकबाकी भरा, मी प्रस्ताव वर पाठवतो." मी म्हटलं, "साहेब, आकडा लेखी द्या." चार दिवसांनी मेल आला. जूनचा धरून नऊ हप्ते, आम्ही भरलेले 38 हजार वजा जाता 1,51,000. दंड 5,900. नोटिसा, पेपरची जाहिरात आणि वकील खर्च 18,700. एकूण 1,75,600, मुदत 14 जून. तो खर्च कर्जदाराच्याच माथी बसतो. फेब्रुवारीत जमलं असतं तर त्यातला बराचसा वाचला असता.

6 जूनला सकाळी पीएफचे 1,38,000 जमा झाल्याचा मेसेज आला. कमी पडत होते 37,600. आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या होत्या. पतसंस्थेत दोन्ही घेऊन गेले, पण चाळीस हजारांना एकच पुरली. संस्थेतल्या बाईंनी साबण लावून ती हातातून काढली. सोळा वर्षांत कधी निघाली नव्हती, मनगटावर पांढरा वळ राहिला होता.

11 जूनला एनईएफटी केलं. कर्ज खात्याचा नंबर मिस्टरांनी आणि मी आळीपाळीने तीनदा मोठ्याने वाचला. पावती घेऊन त्याच दिवशी वसुली विभागात पत्र दिलं, शिक्का घेतला. पैसे भरून घरी बसू नका. नोटीस मागे घेतल्याचं आणि खातं नियमित झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत विचारत राहा. आमचं 2 जुलैला आलं. त्याची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसला दिली. डीआरटीचा अर्ज दाखल करावा लागला नाही. वकीलताईंना पेढे घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही.

खातं नियमित झाल्यावर दुसरा अर्ज केला, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा. मिस्टरांना ऑगस्टमध्ये तळेगावला काम लागलं, पण पगार आधीपेक्षा कमी. बँकेने जवळजवळ चार वर्षं मुदत वाढवली, हप्ता 19,120 झाला. एकूण व्याज बरंच जास्त जाणार, हे हिशेब करून बघितलं आणि तरी सही केली. सिबिल स्कोअर घसरलाय, काही वर्षं दुसरं कर्ज मिळणार नाही, ते धरून चाललोय.

दारावरचा कागद मिस्टरांनी 2 जुलैच्या संध्याकाळी काढला. गरम पाण्याचं फडकं लावून, मग प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू, पॉलिश निघू नये म्हणून. तासभर लागला. खळीचा चौकोन अजून उजेडात तिरकं बघितलं की दिसतो. पाटली नोव्हेंबरमध्ये सोडवली. मावशींच्या नोटिशीची तारीख मी बघितली, त्यांच्याकडे अजून एकतीस दिवस आहेत. उद्या आम्ही दोघी शिवाजीनगरला जातोय.